हुमणीचा भुंगेरा

पाथर्डीकडील शेतकऱ्यांस हुमणी नवी नाहीं. परंतु उंसाचीं, भुईमुगाचीं मुळें खाणारी ती पांढरी अळी आणि वळवाच्या पावसानंतर कडुनिंबावर घोंगावणारा तपकिरी भुंगेरा हीं एकाच किड्याचीं दोन रूपें होत, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. भुंगेरा दिवसां मातींत दडतो. दिवेलागणीनंतर निंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातो, तेथेंच नर-मादींचा संयोग होतो आणि उजाडण्यापूर्वीं तो पुन्हां जमिनींत शिरतो. मादी पुढें सुमारें ५० अंडीं मातींत घालते. अळी एकदां मुळांशीं भिडली कीं तिला गांठणें महाकठीण. म्हणून पहिल्या पावसानंतर लागोपाठ कांहीं रात्रीं फांद्या हलवून भुंगेरे पाडावे व रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. मात्र हें काम सबंध गांवानें एकाच वेळीं करावें. शेजाऱ्याच्या निंबावरील भुंगेऱ्यास आपला बांध दिसत नाहीं.