म्हशीच्या दुधाची भुकटी

स्वदेशी तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलादाच्या भट्ट्या, प्रचंड धरणे, आकाशात झेपावणारे अग्निबाण अशी भव्य दृश्ये उभी राहतात. प्रस्तुत लेखात मात्र दुधाच्या भुकटीचा विचार करावयाचा आहे. विषय स्वयंपाकघरातला वाटेल. परंतु आपल्या बडोद्याहून पस्तीसएक किलोमीटरांवर असलेल्या आणंद गावी घडलेल्या या हकीकतीत नवस्वतंत्र राष्ट्राच्या उद्योगधंद्यांविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे दूध पूर्वी एक खाजगी कंपनी व तिचे मध्यस्थ मन मानेल त्या भावाने विकत घेत. या जाचास कंटाळून शेतकऱ्यांनी दूध घालण्याचे बंद केले आणि सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्याने १४ डिसेंबर १९४६ रोजी आपला सहकारी संघ स्थापन केला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे धुरीण. १९४९ साली वर्गीस कुरियन हे तरुण अभियंते सरकारी नोकरीच्या निमित्ताने आणंदला आले आणि पुढे संघाचेच होऊन गेले. मिशिगन राज्य विद्यापीठातील त्यांचे सहाध्यायी हरिचंद मेघा दलाया हे दुग्धव्यवसायाचे जाणकार. त्यांनाही कुरियन यांनी आणंदला ठेवून घेतले. कुरियन यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे, दलायांचे फारसे कोणास ठाऊक नसते. हा न्याय नव्हे, असे आम्हांस वाटते.

संघाचे दूध चारशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून मुंबईस जाई. पण म्हैस काही कारखान्याच्या घड्याळाप्रमाणे दूध देत नाही. हिरवा चारा आणि विण्याचा हंगाम यांमुळे हिवाळ्यात दुधाला पूर येतो, उन्हाळ्यात ते आटते. मुंबईची मागणी मात्र बारमाही सारखीच. हिवाळ्यातील वाढीव दूध सगळेच्या सगळे घेण्यास मुंबईची दूधयोजना असमर्थ असे. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत, अशा माणसाला हे दूध साठविता येत नाही, फेकून देणेही परवडत नाही. संघाने ते घेण्याचे नाकारले असते, तर सभासद पुन्हा मध्यस्थांच्या दारी गेले असते. तेव्हा दुधाचे पाणी काढून टाकून त्याची टिकाऊ भुकटी करणे हाच मार्ग उरला.

येथे अडचण उभी राहिली. दूध सुकविण्याची विद्या युरोप, अमेरिका, न्यूझीलंड येथे वाढलेली, आणि तेथे दूध म्हणजे गाईचे दूध. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे सात टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ पावणेदोनपट. इतर घनद्रव्येही अधिक. या दाट दुधाची भुकटी होणे शक्यच नाही, असा परदेशी तज्ज्ञांचा अभिप्राय होता. तो दुष्टपणाने दिलेला होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या देशात तशी गरज कधी पडलीच नव्हती.

आता भुकटी होते कशी, ते पाहू. घरी बासुंदी आटविताना आई उलथने सारखे फिरवीत असते. क्षणभर हात थांबला की दूध तळाला लागते. उष्णता तळाशी एकवटते आणि वाफ होण्यास वाव केवळ वरच्या पृष्ठभागाला, हे त्याचे कारण. कारखान्यात दूध प्रथम निर्वात पात्रात आटवितात. दाब कमी असल्याने पाणी कमी उष्णतेवरच उकळते आणि दूध करपत नाही. मग ते दाट दूध गरम हवेच्या उंच कोठीत बारीक तुषारांच्या रूपाने फवारतात. थोडे गणित करा : एक लिटर दुधाचे एकदशांश मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्या सर्वांचे पृष्ठफळ साठ चौरस मीटर भरते! एवढ्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाण्यास फार वेळ लागत नाही. शिवाय बाष्पीभवनाने थेंब थंड राहतो. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. म्हणून भोवतालची हवा अतिशय तप्त असूनही भुकटी न जळता खाली पडते.

म्हशीच्या दुधाला ही रीत लागू पडते, हे दलायांनी वाद न घालता करूनच दाखविले. त्यांच्या पहिल्या प्रयोगाची सामग्री म्हणजे रंग फवारण्याची एक बंदूक आणि हवा तापविण्याचे एक साधन! भुकटी तयार झाली, आणि शंका घेणाऱ्यांना ती डोळ्यांनी पाहता आली. त्यानंतर डेन्मार्कमधील यंत्रे आली, संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे साहाय्य लाभले, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा जगातील हा पहिलाच कारखाना.

कोणी म्हणेल, यंत्रे डेन्मार्कची, मग तंत्रज्ञान स्वदेशी कसे? शंका रास्त आहे. पण तेच यंत्र पूर्वीही विकत मिळत होते, आणि त्यात म्हशीचे दूध घालण्यास कोणी धजत नव्हते. यंत्र बोटीने आले. ते येथील दुधासाठी उपयोगी पडेल हे ज्ञान आणंदला निर्माण झाले. सारे काही घरीच घडविले पाहिजे हा हट्ट आम्हांस पटत नाही. आपल्या मालाचे गुणधर्म मात्र दुसऱ्याने आपल्यासाठी शोधावे, अशी अपेक्षा धरणे वेडेपणाचे आहे.

याच सुमारास म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत दुसरा प्रश्न सुटत होता. त्या काळी तान्ह्या मुलांचे डब्यातील अन्न बव्हंशी परदेशातून येई व त्यासाठी दुर्मिळ परकीय चलन खर्ची पडे. म्हशीच्या दुधाचे पोटात गेल्यावर घट्ट दही बनते, ते बालकास पचत नाही. संशोधकांनी स्निग्धांश कमी करून व क्षारांचे प्रमाण सुधारून त्याचे पचण्याजोगे बालान्न तयार केले, आणि आणंदच्या कारखान्याने ते बाजारात आणले.

१९६५ साली आणंदलाच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली आणि १९७० पासून सहकारी दुग्धव्यवसायाचा हा प्रकार देशभर पसरविण्यात आला. भारतात १९५०-५१ साली सुमारे १७० लाख टन दूध होत असे. २०२२-२३ साली ते २,३०० लाख टनांवर गेले. अर्थात हे सर्व श्रेय एका भुकटीचे नाही. चारा, पशुवैद्यक, संकरित गाई, आगगाड्या, रस्ते आणि पहाटे उठून धारा काढणाऱ्या असंख्य स्त्रिया यांचा त्यात वाटा आहे. परंतु हिवाळ्यात आलेले सारे दूध घेण्याची हमी संघ देऊ शकला, तो भुकटीमुळे. हिवाळ्यात साठविलेली तीच भुकटी उन्हाळ्यात पाण्यात कालवून पुन्हा दूध होते आणि शहरांची निकड भागविते.