बोलता येतं, मग पुस्तक का उमगत नाही?

पालकहो,

दहावीच्या निकालानंतर भेटणाऱ्या आई-वडिलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "सर, पोरगी इंग्रजी चांगलं बोलते, पण अकरावीचं पुस्तक उघडलं की तिला काही उमगत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?" तुमची ही काळजी खरी आहे, म्हणूनच त्याबद्दल मनापासून बोलायचं आहे. क्लासला माझा विरोध नाही, पण या अडचणीवर तो उपाय नाही.

आपल्याकडची बरीच मुलं सेमी इंग्रजीत शिकतात. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मराठीत. त्यामुळे दहावीच्या मुलाला 'फ्रिक्शन' ठाऊक असतं, 'फोटोसिंथेसिस' ठाऊक असतं. पण स्थलांतर, बेरोजगारी, रोगाची साथ, कामगारांचे हक्क, भेदभाव हे सगळं त्यानं मराठीत शिकलेलं असतं. पुढे वाणिज्य किंवा कला शाखा इंग्रजीतून घेतली, नर्सिंगला प्रवेश मिळाला, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणली, की समाज, उद्योग आणि सार्वजनिक आरोग्याचे शब्द एकदम अंगावर येतात. नाशिकमध्ये आपल्या म्हसरूळला 1998 सालापासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. मराठी शाळेतून वैद्यकीय किंवा नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या हुशार मुलीसुद्धा पहिल्या वर्षी याच शब्दांपाशी अडखळतात.

बोलण्याची इंग्रजी आणि अभ्यासाची इंग्रजी यांत अंतर आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी परदेशातून तिथे आलेल्या मुलांचा अभ्यास केला. रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. तिथल्या मुलांच्या तर आजूबाजूला दिवसभर इंग्रजीच होती. तेव्हा अकरावीच्या पहिल्या चाचणीत कमी गुण आले म्हणून मुलाला आळशी ठरवू नका.

दुसरी गोष्ट धीर देणारी आहे. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या इंग्रजीतल्या 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं म्हणजे एक कूळ) यादी प्रसिद्ध केली. विषय कुठलाही असो, अशा पुस्तकांतल्या शंभर शब्दांमागे सुमारे दहा शब्द या यादीतले निघतात. म्हणजे डोंगर वाटतो तेवढा उंच नाही. मात्र ही यादी पाठ करायला देऊ नका. पाठ केलेला सुटा शब्द परीक्षेच्या आधीच विसरला जातो. तोच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटला, तरच तो मुलाचा होतो.

खरी अडचण वाक्याच्या बांधणीतही असते. आपण घरात म्हणतो, "सांडपाणी शुद्ध न करताच नदीत सोडलं, म्हणून वस्तीतले लोक आजारी पडले." पुस्तकात हेच असं येतं : 'द डिस्चार्ज ऑफ अनट्रीटेड सूएज हॅज काँट्रिब्यूटेड टु अ‍ॅन आउटब्रेक ऑफ वॉटरबोर्न डिसीज.' सोडणारा कोण ते गेलं, आजारी पडलेली माणसं गेली, सोडणं आणि आजारी पडणं या क्रियांची नामं झाली. त्यात मुलाला डिस्चार्ज म्हणजे दवाखान्यातून घरी सोडणं एवढंच माहीत असतं. अशा वाक्यापाशी थांबून त्याला विचारा : कुणी सोडलं? काय सोडलं? मग काय झालं? उत्तर मराठीत देऊ दे. ते नीट सांगता आलं, की इंग्रजी वाक्य निम्मं उलगडलं. मग त्याच माहितीचं वाक्य त्याला इंग्रजीत बांधू दे. हे करून घ्यायला तुम्हाला इंग्रजी यायलाच हवं असं नाही.

आणि अशा सरावासाठी विषय शोधायला पंचवटीबाहेर जायची गरजच नाही. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणाऱ्या बाबांना मागणी, पुरवठा, अडत, नाशवंत माल, भाव पडणं हे सगळं पुस्तकापेक्षा जास्त कळतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या आईला कंत्राटी कामगार, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय काय असतं ते ठाऊक असतं. हे मुलाशी बोला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'पेरिशेबल गुड्स' किंवा 'कॉन्ट्रॅक्ट लेबर' आलं, की त्याला आपल्या घरातलं माणूस आठवलं पाहिजे. बरेच पालक मुलांना आपल्या कामाबद्दल सांगतच नाहीत. "तुला काय करायचंय, तू अभ्यास कर," म्हणतात. अहो, तोच तर अभ्यास आहे!

सिंहस्थ कुंभमेळ्याचंच पाहा. 27 ऑगस्ट 2003 रोजी त्या मेळ्यात आपल्याच गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. पंचवटीतल्या जुन्या घरांना तो दिवस आठवतो. गर्दीचं नियोजन, बाहेर पडायच्या वाटा, पिण्याचं पाणी, शौचालयं, साथीची भीती हा सार्वजनिक आरोग्याचा अख्खा धडा आहे. 2027च्या सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामापायी तपोवनातल्या झाडांचं काय करायचं यावर शहरात केवढा वाद झाला! दोन्ही बाजू मुलाला मराठीत मांडायला लावा. मग तीच बातमी एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात वाचू दे. बातमी आधीच कळलेली असल्यामुळे इंग्रजीतला नवा शब्द त्याला अंदाजानं लागतो, डिक्शनरी नंतर उघडली तरी चालते. वहीत शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नये, बातमीतलं पूर्ण वाक्य लिहावं आणि खाली स्वतःचं एक.

मराठीत वेळ घालवला तर इंग्रजी मागे पडेल, ही भीती मला पुष्कळ पालक बोलून दाखवतात. त्यांना मी काळाराम मंदिराकडे बोट दाखवतो. 2 मार्च 1930 रोजी तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्यात उतरली, आणि पुढे ती लढाई काही वर्षं चालली. नेतृत्व होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. याच माणसानं 1916 साली कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर इंग्रजीत निबंध वाचला होता, 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. आणि या दोन्हींच्या मधे, 1920 साली, 'मूकनायक' हे पाक्षिक काढलं ते मराठीत. समाजाचा आणि अर्थकारणाचा विचार त्यांनी दोन्ही भाषांत केला. त्यांचे वडील रामजी सुभेदार मुलाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींकडून उसने पैसे आणत, असं चरित्रांत लिहिलेलं आहे. मुलाच्या इंग्रजीकडेही ते स्वतः लक्ष देत.

तुमच्याकडून एवढ्या कष्टांची अपेक्षा नाही. आठवड्यातले तीन दिवस, जेवताना पंधरा मिनिटं द्या. दूरदर्शन बंद, मोबाइल बाजूला. डास मारायच्या धूरफवारणीबद्दल बोला, गंगापूर धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत त्याचं काय काय होतं ते बोला. मुलानं इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारला तर लगेच टोकू नका, आधी त्याचं म्हणणं पुरं होऊ द्या. शेजारच्याच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. आणि दहावीच्या परीक्षेनंतरचे दोन-अडीच महिने वाया जाऊ देऊ नका. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालापासून आहे. पंचवटीतून नदी ओलांडली की पलीकडेच. मुलाला तिथे न्या. सुरुवातीचे काही दिवस तुम्ही स्वतः मुलाच्या शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसा.