खात्री कुठे शोधायची

चंद्रपूर

प्रिय बाळ,


तुझं पत्र मिळालं. उज्जीवन सभेत प्रचारकांनी विचारलं, ‘आज रात्री मरण आलं तर तुमच्या तारणाची खात्री आहे का?’ आणि तुझा हात वर झाला नाही. तेव्हापासून तू जास्तीचे उपास धरलेस, दशमांशावर आणखी पैसे देऊ लागलीस, कोणी जायला तयार नसतं ती भामरागडकडची ड्युटी मागून घेतलीस. तरी जीव थाऱ्यावर नाही म्हणतेस. पोरी, अशाने तो येणारही नाही. किती केलं म्हणजे देवाला पुरे, तो आकडा शास्त्रात कुठेच दिलेला नाही. मग आज केलेलं उद्या कमी वाटतं आणि माणूस धावत राहतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या प्रश्नासाठी नीट वाच. इंग्लंडमध्ये फुलमला समाजाने टाकलेल्या बायांची सेवा करणाऱ्या सिस्टर्सना त्यांनी पाहिलं आणि त्यांचं मन ख्रिस्ताकडे वळलं. 1883 मध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. म्हणजे ज्ञान होतं, त्याग होता, विधवांसाठी झिजणं होतं. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. त्या आधी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण आपण पात्र ठरलं पाहिजे ही धडपड त्यांनी तिथे सोडली आणि आहे तशी स्वतःला त्याच्या हाती दिली.

आता तुझी दुसरी शंका. सगळं कृपेनेच होतं म्हटलं तर माणूस आळशी होणार नाही का? रमाबाईंकडेच बघ. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या (आपला चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा, त्याच प्रांतात होता) आणि उपाशी, निराधार मुली-बायांना शेकड्यांनी सोबत घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी 1922 साली मृत्यूपर्यंत सोडलं नाही. खात्री मिळाल्यावर त्यांचं काम वाढलंच.

सिरोंचाला जे मेथडिस्ट मिशन आलं, त्या पंथाच्या जॉन वेस्लींचंही असंच. दीक्षित पाळक, उपासाचे पक्के, समुद्रापार जॉर्जियात सेवेला गेलेले. जाताना जहाज वादळात सापडलं, तेव्हा मोरेव्हियन कुटुंबं शांतपणे गात होती आणि वेस्ली मात्र मरणाला भीत होते. 24 मे 1738 ला लंडनच्या एका छोट्या सभेत, आपण ख्रिस्तावर, केवळ ख्रिस्तावर विसंबलो आहोत, हे त्यांना उमगलं. पण त्यांना त्या संध्याकाळी वाटलं तसं तुलाही वाटलंच पाहिजे, हा हट्ट धरू नकोस. माझ्या मते आपल्या सभांमध्ये हीच गफलत होते. कर्मांवरचा भरवसा काढून घेतात आणि भावनांवर ठेवायला लावतात. अश्रू आले तर तारलेले, नाही आले तर संशयित! पावसाळ्यात डोंग्याने नदी ओलांडतेस तेव्हा तुला पार नेतो तो डोंगा आणि नावाडी; तू किती घाबरलेली आहेस त्यावर काही अवलंबून नसतं. भीती वाटली तरी तू बसलेली त्याच डोंग्यात असतेस.

तुझ्यासोबतची बल्लारपूरकडची कॅथलिक नर्स म्हणाली, की पक्की खात्री असल्याचा दावा करणं हा गर्व आहे. तिच्याशी वाद घालू नकोस. ती आपल्याच मनाच्या चंचलपणाला भिते, आणि ते भिणं रास्त आहे. कृपेच्या याच प्रश्नावर साडेचारशेहून अधिक वर्षं भांडून 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सही केली, 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. आपल्या पुण्याईने नव्हे, ख्रिस्तावरील विश्वासाने, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, एवढं ते सगळे मिळून म्हणतात. तुम्ही दोघी एका खोलीत राहता. एकत्र प्रार्थना करा.

पण तुझ्या पत्रातल्या एका ओळीने मला खरंच वाईट वाटलं. टोल्यावरच्या त्या गरोदर माडिया बाईकडे चिखल तुडवत गेलीस आणि लिहिलंस, ‘हे तरी देव धरेल ना?’ बाळ, तिचं रक्त कमी आहे, म्हणून तिच्याकडे जायचं. तुझ्या तारणाच्या हिशेबात तिला घेऊ नकोस. देवाला तुझ्या कामाची गरज नाही, तिला आहे. तुझा हिशेब वधस्तंभावर मिटला आहे, म्हणून तर तिच्या खाटेशी बसताना स्वतःचा विचार बाजूला ठेवायची तुला मोकळीक आहे. पौलाने इफिसकरांना हाच क्रम सांगितला: तारण दान म्हणून मिळतं आणि सत्कृत्यांसाठी आपण घडवले जातो. याकोबही याच्या विरुद्ध जात नाही. उघड्या-उपाश्याला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांना तो झापतो. आपल्या मंडळीतही तसे आहेत. ‘आम्ही तारलेले’ म्हणतात आणि शेजाऱ्याच्या दुखण्याला फिरकत नाहीत. त्यांनी याकोब वाचावा. तू सध्या रोमकरांस पत्र वाच.

मन दोष देऊ लागलं तर खरोखर काय चुकलं ते शोध. पेशंटवर ओरडली असशील तर तिची माफी माग, रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली असशील तर दुरुस्त कर. त्याऐवजी आणखी एक उपास धरून ते झाकू नकोस. आणि काहीच सापडलं नाही, नुसतंच भय असलं, तर योहान लिहितो ते आठव: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव त्या मनाहून मोठा असतो.

अपात्र वाटतं म्हणून गेल्या महिन्यात प्रभुभोजन घेतलं नाहीस, ते मला पटलं नाही. पुढच्या वेळी पुढे जा, हात पसर आणि घे. जास्तीचे उपास थांबव. रात्रपाळीनंतर उपाशीपोटी डोंग्यात बसणं मला चालणार नाही. त्या बाईचं हिमोग्लोबिन आता किती आहे, बाळंतपणाला तिला कुठे नेणार, गाडीची काय सोय, हे सविस्तर कळव.

तुझी,
मावशी