नेट मधूनमधून जातंय? कंपनीला फोन लावण्याआधी हे करून बघा



या आठवड्याचा व्हिडिओ जरा वेगळा होता. मार्केटिंग नाही, कोटेशन नाही. घरच्या कॉम्प्युटरचं नेट मधूनमधून का जातं आणि ते शोधायचं कसं, एवढाच विषय. व्हिडिओत मी भराभर बोललो, म्हणून इथे सगळं सावकाश लिहितोय. शक्यतो कॉम्प्युटरसमोर बसूनच वाचा.

विषय का घेतला ते सांगतो. आमच्या बॅचमध्ये एक ताई आहेत, घरून नऊवारी शिवून देतात. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला माप कसं घ्यायचं ते व्हिडिओ कॉलवर दाखवतात, तेही संध्याकाळी, कारण तेव्हाच लोक मोकळे असतात. एका लग्नघरातून सहा नऊवारींची चौकशी आली. कॉल दोनदा तुटला. तिसऱ्यांदा समोरून कोणी उचललाच नाही. ऑर्डर गेली. गंमत म्हणजे त्याआधी त्यांनी नवा राउटर आणला होता, ५० एमबीपीएसचा प्लॅन सोडून १५० चा घेतला होता. तरी संध्याकाळी नेट जायचंच. मला म्हणाल्या, "सर, आता कंपनीच बदलते."

मी म्हटलं, ताई, चार दिवस थांबा. दोष कुठे आहे हेच माहीत नाही, मग नवी कंपनी तरी काय करणार?

बघा, नेट पूर्ण बंद पडलं तर शोधणं सोपं असतं. माणूस येतो, बघतो, दुरुस्त करतो. मधूनमधून जाणारं नेट मात्र माणूस आला की हमखास चालू असतं. "चालू आहे की मॅडम," म्हणून तो निघून जातो, आणि त्याची पाठ वळली की परत बंद! म्हणून इथे पहिलं काम दुरुस्तीचं नाही, नोंदीचं आहे. गल्ल्याची रोजकीर्द ठेवता ना? तशीच नेटची ठेवायची.

आधी रस्ता समजून घ्या. तुमच्या कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत पहिला टप्पा, वाय-फायचा किंवा वायरचा. राउटरपासून कंपनीमार्गे बाहेरच्या इंटरनेटपर्यंत दुसरा टप्पा. आणि शेवटी ती वेबसाइट. आपल्याला एवढंच शोधायचंय की तुटतंय ते पहिल्या टप्प्यात की दुसऱ्या. पहिल्यात तुटत असेल तर कंपनीला शिव्या घालून काही होणार नाही. दुसऱ्यात तुटत असेल तर नवा राउटर आणून बहुतेक वेळा काही होणार नाही.

हे शोधायला फुकटचं हत्यार विंडोजमध्येच आहे, त्याचं नाव पिंग. विंडोजचं बटण दाबून सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, यात आपण काहीही बिघडवत नाही, फक्त विचारतोय. त्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. जी यादी येईल तिच्यात 'डिफॉल्ट गेटवे' शोधा. त्यासमोरचा नंबर म्हणजे तुमचा राउटर. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. (टाइप करताना आकडे इंग्रजी हं.)

आता 'पिंग' लिहा, एक जागा सोडा, तो नंबर लिहा, परत एक जागा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी. एंटर. दर सेकंदाला एक ओळ येत राहील. ही पहिली खिडकी. तशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिथे राउटरच्या नंबराऐवजी ८.८.८.८ टाका. हा गूगलचा नंबर, म्हणजे बाहेरच्या जगातला. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि आपलं काम करत बसा. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, म्हणजे किती पाठवले, किती हरवले याचा हिशोब तळाला येतो.

ओळीत 'रिप्लाय फ्रॉम' दिसलं की उत्तर आलं. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं की उत्तर आलं नाही. दिवसभरात एखादी अशी ओळ आली तर सोडून द्या, तो दोष नव्हे. सलग पाच-दहा आल्या की वही काढा. वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, किती वेळ गेलं, कोणती खिडकी थांबली, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं. पाचवा रकाना लोकांना फालतू वाटतो. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इस्त्री, पंप, लाइट गेली-आली, पाऊस, मुलाचा गेम, सगळं लिहा.

दोन-तीन दिवसांत चित्र दिसायला लागतं.

राउटरची खिडकी नीट चालतेय आणि ८.८.८.८ ची थांबतेय, तर तुटतंय ते राउटरच्या पुढे. आता कंपनीला फोन करायला हरकत नाही. पण त्याआधी फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. 'पॉन'चा दिवा स्थिर हवा आणि 'एलओएस'चा लाल दिवा बंद हवा. नेट जातं तेव्हा लाल लागत असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच डब्यापर्यंत पोचत नाहीये. ती पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे दुमडली गेलीय का बघा. आत काच असते, अंगठ्याएवढ्या गोलाईत वाकवली तर प्रकाश बाहेर सांडतो. वायर तुटलेली नसते, पण सिग्नल कमजोर होतो. माणूस आला की त्याला मीटर लावून 'पॉवर किती येतेय' विचारा. आकडा वजा चिन्हातच येतो. नेहमीच्या घरगुती फायबरवर वजा २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली गेला असेल, म्हणजे वजा २८, वजा २९, तर लाइन काठावर चाललीय. मधूनमधून तुटणारच.

फोनवर "नेट सारखं जातं हो" म्हणू नका. असं सांगा: "सोमवार ते बुधवार नऊ वेळा गेलं, वेळा लिहिल्यात. राउटरला पिंग चालू राहतं, बाहेरचं तुटतं. एलओएस लाल होतो. तक्रारीचा डॉकेट नंबर द्या." बोलण्यातला फरक समोरच्याला लगेच कळतो. डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, पण तिथे पहिला प्रश्न या नंबराचाच येतो.

दोन्ही खिडक्या एकदम थांबतात? मग घोळ घरातच आहे. इथे लगेच पुढचा प्रश्न: त्याच वेळी मोबाइलचं वाय-फाय चालतंय का? चालत असेल तर कॉम्प्युटर किंवा त्याच्यापर्यंत पोचणारं वाय-फाय. मोबाइलचंही गेलं तर राउटर स्वतः.

कॉम्प्युटरकडे बोट जात असेल तर साधी वायर आणा, लॅन केबल. एक-दोन दिवस कॉम्प्युटर वायरवर चालवा. दोष गेला, म्हणजे वाय-फायच दोषी. मग राउटर लोखंडी कपाटाच्या आड किंवा फ्रिजमागे आहे का बघा. नेटवर्कची दोन नावं दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झवालं लावून बघा. ते भिंतीतून कमी जातं, पण त्यावर गर्दी कमी असते. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या दहा घरांचं वाय-फाय, ब्लूटूथ आणि तुमचा मायक्रोवेव्ह असे सगळे एकाच गल्लीत बोलत असतात. तिथेच राहायचं असेल तर राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळा निवडा, बाकीचे एकमेकांवर चढतात.

आणि एक सेटिंग, ज्याने माझे तीन आठवडे खाल्ले. ऑनलाइन क्लासमध्ये माझंच नेट जायचं आणि मी मात्र कंपनीशी भांडत होतो. निघालं काय? विंडोज बॅटरी वाचवायला वाय-फायचं कार्ड झोपवत होतं! डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमचं वाय-फाय कार्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू देण्याची टिक काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर तो टॅबच दिसत नाही, तिथे सोडून द्या.

अजून दोन प्रकार आहेत, पटकन सांगतो. खिडक्या थांबत नाहीत पण ८.८.८.८ पुढचा वेळेचा आकडा एरवी २०-३० असतो तो एकदम ५००-८०० होतो, तेव्हा कोणीतरी अपलोड भरून टाकलाय. मोबाइल फोटोंचा बॅकअप घेतोय किंवा दुकानाचा कॅमेरा क्लाउडवर चढवतोय. बॅकअप रात्री दोनला लावा. आणि दोन्ही खिडक्या मस्त चालताहेत पण साइट उघडत नाही, तर एकतर साइटच बसलीय (रिटर्नच्या शेवटच्या दिवशी पोर्टलवर अनुभव घेतला असेलच), किंवा नावावरून नंबर शोधणारं डीएनएस अडकतंय. सगळ्याच साइट अडत असतील तर नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा.

आता ताईंकडे परत येऊ.

त्यांच्या दोन्ही खिडक्या एकदम थांबत होत्या, साधारण दीड मिनिट. मोबाइलवरून वाय-फायचं नावच गायब व्हायचं. म्हणजे नवा कोरा राउटरच बंद पडून परत सुरू होत होता. खात्री करायला ब्राउझरमध्ये राउटरचा नंबर टाकून त्याचं पान उघडलं. (नाव-पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. बदलला नसेल तर आजच बदला.) तिथे स्टेटसमध्ये 'अपटाइम' असतो, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे. कोणी बटणाला हात लावला नव्हता, तरी अपटाइम होता एक तास बारा मिनिटं.

मग वही उघडली. पाच नोंदींपैकी चार नोंदींत पाचव्या रकान्यात एकच शब्द: इस्त्री.

शिवलेली नऊवारी पाठवायच्या आधी संध्याकाळी इस्त्री होते. इस्त्री आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. पण खरी गोष्ट पुढेच आहे. राउटर नवा आला तेव्हा बसवणाऱ्या मुलाने जुना अडॅप्टर तसाच ठेवला होता. वायर शिलाई मशीनच्या मागून ओढून नेलेली, कोण काढणार? पिन बसली, दिवे लागले, काम झालं. जुना अडॅप्टर १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर. नव्या राउटरला हवेत १२ व्होल्ट, दीड अँपिअर. दिवसा कसंबसं भागायचं. संध्याकाळी घरातले सगळे मोबाइल वाय-फायवर यायचे, त्यात इस्त्री तापायला लागली की बोर्डवरचा दाब क्षणभर खाली जायचा आणि अडॅप्टर मान टाकायचा.

इथे मी ताईंना एक गोष्ट मुद्दाम करू दिली नाही. त्या दोन्ही एकदम बदलायला निघाल्या होत्या. म्हटलं, आधी फक्त अडॅप्टर. इस्त्री आहे तिथेच राहू दे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि परत झालं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. शिवाय जो दोष रोज एकदा-दोनदा येतो, तो अर्धा दिवस आला नाही म्हणून गेला असं धरायचं नाही. निदान तीन दिवस बघायचं.

नव्या राउटरच्या खोक्यात त्याचा स्वतःचा अडॅप्टर प्लास्टिकच्या पिशवीत न उघडलेला पडला होता. खर्च शून्य. तो लावला. तीन दिवस इस्त्री चालली, नेट हललं नाही. चौथ्या दिवशी इस्त्रीलाही भिंतीतलं वेगळं सॉकेट दिलं. ते नेटसाठी नाही, बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर हजार वॅटची इस्त्री चालवणं मुळातच धोक्याचं आहे. तुमच्याकडे अडॅप्टर विकत घ्यायची वेळ आली तर व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि पिनची आतली-बाहेरची अधिक-वजा खूण जुळायला हवी.

लाइट जाण्याचा त्रास असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तोही हेच व्होल्ट-अँपिअर बघून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते हे विसरू नका. नाहीतर राउटर चालू आणि डबा बंद, असा प्रकार होतो. आणि मोबाइलचा हॉटस्पॉट कॉम्प्युटरला आजच एकदा जोडून ठेवा. गिऱ्हाईक कॉलवर असताना पासवर्ड शोधत बसू नका.

ताईंनी परवा राउटरच्या पानाचा फोटो पाठवला. अपटाइम अकरा दिवस. पुढच्या महिन्यापासून प्लॅन परत ५० चा करताहेत.