फासा टाका, शब्द बोला!

मित्रांनो, सापशिडी तुम्ही खेळला असालच. त्या खेळात एकच नियम वाढवा. सोंगटी ज्या घरात जाईल, तिथल्या चित्राचे नाव परक्या भाषेत सांगायचे. बरोबर आले तर तिथेच राहायचे, चुकले तर मागच्या घरी परत! झाला भाषेचा तास सुरू.

हा पट आपण झुलू भाषेसाठी मांडू. दक्षिण आफ्रिकेत २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ टक्के लोक घरी झुलू बोलतात. घरची भाषा वेगळी असलेली कित्येक मुलेही ती शाळेत शिकतात. त्यांना तीत अवघड काय वाटत असेल?

शेपूट नव्हे, डोके बदलते

आपण 'घोडा–घोडे' म्हणतो, म्हणजे शब्दाचा शेवट बदलतो. झुलूत शब्दाची सुरुवात बदलते. ही जोडी पाहा:

उमफाना (मुलगा) – अबाफाना
इसिकोले (शाळा) – इझिकोले
इन्जा (कुत्रा) – इझिन्जा
इहाशी (घोडा) – अमाहाशी
उमफुला (नदी) – इमिफुला

यातला 'झ' हा 'झाड' या शब्दातला. उमफाना आणि उमफुला यांची सुरुवात सारखी, पण अनेकवचने वेगळी! झुलू नामांचे असे अनेक वर्ग आहेत आणि क्रियापदही त्या वर्गाप्रमाणे बदलते. 'मुलगा जातो' म्हणजे 'उमफाना उयाहाम्बा', तर 'मुलगे जातात' म्हणजे 'अबाफाना बायाहाम्बा'. म्हणून नुसता एकेक शब्द घोकून भागत नाही. जोडीच पाठ व्हावी लागते. त्यासाठी पटावरची काही घरे लाल रंगवा. लाल घरात अनेकवचन सांगायचे.

झुलूत जिभेने काढायचे टाळीसारखे ध्वनीही आहेत. हळहळताना आपण 'च्‌ च्‌' करतो, तो त्यांतलाच एक. आपण तो शब्दात वापरत नाही. झुलूत मात्र 'कानातले' या अर्थाच्या शब्दात तो दोनदा येतो. तो वाचून येत नाही, तोंडाने काढावा लागतो. खेळात प्रत्येकाला मोठ्याने बोलावेच लागते, हा मोठाच फायदा.

शब्द किती घ्यावेत?

आता थोडे गणित. १ ते ६ यांची बेरीज २१; म्हणून फाशाचे सरासरी दान २१ ÷ ६ = ३.५. पट २४ घरांचा असेल तर तो पार करायला सुमारे ७ दाने लागतात. चौघे खेळले तर एका डावात साधारण २८ वेळा शब्द बोलले जातील. घरांत २४ वेगळे शब्द असले, तर एक शब्द सरासरी जेमतेम एकदाच कानी पडेल. १२ शब्द दोन-दोन घरांत लिहिले, तर प्रत्येक शब्द सरासरी दोनदा तरी येईल. म्हणजे थोडे शब्द घेणेच शहाणपणाचे!

जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस यांनी विसरण्याविषयी स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेले आपण सुरुवातीलाच सर्वांत झपाट्याने विसरतो, असे त्यांना आढळले. उजळणी एकाच दिवशी उरकण्यापेक्षा ती काही दिवसांत विभागली तर अधिक लक्षात राहते. तेव्हा एका दिवशी चार डाव खेळण्यापेक्षा चार दिवस रोज एक डाव खेळा.

आणि फाशाचे अंक?

तेही झुलूतच मोजा. सहा म्हणजे 'इसिथुफा'. या शब्दाचा अर्थ अंगठाही होतो. एका हाताची पाच बोटे संपली की दुसऱ्या हाताचा अंगठा येतो! सात म्हणजे 'इसिखोम्बिसा', दाखवणारे बोट, आपली तर्जनी.

करून पाहा

पुठ्ठ्यावर २४ घरे आखा, वरचे शब्द लिहा आणि खेळा. हाच पट इंग्रजी, संस्कृत किंवा कानडी शब्दांसाठीही चालेल. आता एक कोडे: 'इसिफुन्दो' म्हणजे धडा. मग 'धडे' कसे म्हणाल? वरच्या जोड्यांतच उत्तर दडले आहे!