रक्त आणि मेंदू यांमधील भिंत

रक्तातले सारेच मेंदूत का शिरत नाही, हा प्रश्न मला अभ्यासात फार मोलाचा वाटला. १८८५ मध्ये पॉल एर्लिच यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बहुतेक अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदू रंग धरत नसावा, असे त्यांना वाटले. १९१३ मध्ये गोल्डमन यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला आणि मेंदू रंगला! म्हणजे आड भिंत होती. पण साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसेना. १९६७ मध्ये रीझ व कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या रक्तात पेरॉक्सिडेज हे विकर सोडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा काळा थर केशवाहिनीच्या पेशींमधील घट्ट सांध्यांपाशी अडलेला दिसला. हीच ती भिंत. ती विषाला अडवते, तशी कित्येक औषधांनाही.