एका एंजिनाची कुळकथा

ब्रिटनमध्ये 'कोल्हापूर' नावाचे एक वाफेचे एंजिन जतन करून ठेवलेले आहे. त्याच्या कडेला बसविलेल्या पट्टीवरील नाव वाचून कोणासही वाटेल, की हे एके काळी पंचगंगेच्या परिसरात धावत असावे. परंतु तसे मुळीच नाही. ते १९३४ साली ग्लासगो शहरी तयार झाले आणि ब्रिटनमध्येच धावले. तेथील एका रेल्वे कंपनीने आपल्या एंजिनांना भारतातील प्रांतांची व संस्थानांची नावे दिली, त्यांत हे एक होते. शिवाय १८९१ साली सुरू झालेला कोल्हापूर-मिरज लोहमार्ग त्या काळी मीटरमापी होता. त्या अरुंद रुळांवर हे एंजिन उभेसुद्धा राहिले नसते. कारखान्याच्या नोंदी शाबूत नसत्या, तर नावावरून गाव ठरविण्याची चूक सहज घडली असती.

असाच एक पेच भारतातील फार जुन्या एंजिनाविषयी पडलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी गेली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापूर्वी सुमारे सोळा महिने, २२ डिसेंबर १८५१ रोजी, उत्तरेकडे रुडकी येथे वाफेचे एक एंजिन धावू लागले होते. गंगेचा कालवा सोलानी नदीवरून पलीकडे नेण्यासाठी तेथे प्रचंड जलसेतू बांधला जात होता. त्या कामाची माती हे एंजिन वाहून नेई.

त्याचे नाव काय होते? काही ग्रंथांत 'थॉमसन' असे नाव आढळते. जेम्स थॉमसन हे त्या प्रांताचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. अन्यत्र मात्र 'जेनी लिंड' असे नाव दिलेले आहे. जेनी लिंड ही स्वीडनची विख्यात गायिका. इंग्लंडातील लीड्स शहरी १८४७ साली घडविलेल्या एका एंजिनास तिचे नाव दिले होते. ते एंजिन इतके नावाजले, की पुढे त्या घडणीच्या साऱ्या एंजिनांस लोक 'जेनी लिंड' म्हणू लागले. विशेषनामाचे जणू सामान्यनाम झाले! मग रुडकीच्या एंजिनाला हे नाव कोणत्या अर्थाने लागले? त्याचे स्वतःचे नाव म्हणून, की त्याची जात सांगण्यासाठी? येथेच सारे घोडे अडते.

मूळ एंजिन आज अस्तित्वात नाही. रुडकी स्थानकाजवळ आहे ती अलीकडे घडविलेली प्रतिकृती होय. ती पाहून कौतुक वाटते, पण पुरावा म्हणून ती चालत नाही. जुन्या एंजिनाचा जन्म ठरवावयाचा, तर निर्मात्याची पट्टी, तिच्यावरील क्रमांक, कारखान्याची वही, जहाजावरील मालाची यादी आणि त्या काळची वृत्तपत्रे हे सारे ताडून पाहावे लागते. पट्टीसुद्धा एका एंजिनावरून काढून दुसऱ्यावर बसविता येते. म्हणून एकाच साक्षीवर विसंबून चालत नाही.

खरे नाव सापडेपर्यंत 'बहुधा' या शब्दाच्या जागी 'निश्चित' हा शब्द लिहिण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे. इतिहासाचा प्रामाणिकपणा तो हाच.

शब्दार्थ : जलसेतू – पाणी वाहून नेणारा पूल. प्रतिकृती – हुबेहूब नमुना. ताडून पाहणे – एकमेकांशी जुळवून तपासणे.

अभ्यास
१. 'कोल्हापूर' एंजिन कोल्हापुरास धावले नाही, हे कशावरून ठरते?
२. 'तो अगदी कुंभकर्ण आहे' या वाक्यातील विशेषनाम कोणत्या अर्थाने आले आहे? अशी आणखी दोन वाक्ये लिहा.